सासूवळसा

तिकीटमावशींना वेळ विचारली तर त्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघायच्या. पण जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर विचारलं तर त्यांना कुठेच बघावं लागायचं नाही. किती किलोमीटर, हवेत किती तास, जाताना वारा तोंडावर म्हणून चाळीस मिनिटं जास्त, येताना पाठीवर म्हणून तेवढीच कमी, हे सगळं त्या एका दमात सांगायच्या आणि वर विचारायच्या, "खिडकीजवळ बसणार, की पाय मोकळे करायला कडेची जागा देऊ?"

चष्म्याच्या दुकानाला खेटून त्यांचं दुकान होतं. एक काउंटर, तीन खुर्च्या, भिंतीवर जगाचा भलामोठा नकाशा, टेबलावर फुटबॉलएवढा पृथ्वीचा गोल आणि त्याच्या बुडाशी गुंडाळलेला लाल दोरा. एकतीस वर्षं त्या तिथे बसत होत्या. यजमान गेले, मुलगा शिकून दूरदेशी गेला, समोरची दुकानं तीनदा बदलली, पण सकाळी दहाला मावशींचं शटर वर गेलं नाही असा दिवस बाजाराने क्वचितच पाहिला. आता तिकिटं घरबसल्या मोबाइलवर निघतात, मग लोक मावशींकडे का यायचे? तर मोबाइल खोटं बोलत नाही, आणि काही कामांना थोडं खोटं बोलणारं माणूसच लागतं.

उदाहरणच घ्या. एखादी म्हातारी आई यायची, लेकीला भेटायची ओढ असायची पण विमानात बसायची भीती वाटायची. मावशी तिला गोलाजवळ बसवायच्या. या विमानतळावर दोऱ्याचं एक टोक, त्या विमानतळावर दुसरं, आणि मध्ये दोरा ताणला की रस्ता वर बर्फावरून जाऊन अलगद खाली उतरायचा. "बघा, काकू, वीतभरसुद्धा नाही. एक झोप झाली की लेकीच्या दारात." काकू दोऱ्याकडे बघत बघत तिकीट काढून जायच्या.

आणि नकाशा कशासाठी? तो सासवांसाठी. सगळ्या सासवांसाठी नव्हे, मावशींचीही काही तत्त्वं होती. दुखणेकऱ्यांना नाही, ऐंशीच्या पुढे नाही, नातवंडाचं तोंड पहिल्यांदाच बघायला निघालेल्यांना तर मुळीच नाही. पण ज्या सासूबाई दर वर्षी सुनेकडे जाऊन कपाटातल्या डब्यांची जागा बदलून येतात, त्यांच्या सुनेचा दोन दिवस आधी मावशींना दबक्या आवाजात फोन यायचा. "मावशी, यंदा जरा लांबून नाही का पाठवता येणार?" मग मावशी सासूबाईंना भिंतीजवळ नेऊन छडीने नकाशा दाखवायच्या. सपाट नकाशावर तोच प्रवास अर्धी भिंत खायचा. "इथून आधी असं खाली, तिथे जरा थांबायचं, मग असं आडवं, तिथे पुन्हा थोडं थांबायचं, मग हे असं वर. चौतीस तास दहा मिनिटं. तब्येत सांभाळून हं!" निम्म्या सासूबाई तिथेच खुर्चीत बसायच्या आणि पुढच्या वर्षी बघू म्हणायच्या. उरलेल्या निम्म्या जायच्या, पण एकदा एवढा प्रवास केल्यावर पुन्हा वर्षभर नाव काढायच्या नाहीत, अशी निदान मावशींची समजूत होती. गावातली बहुतेक मुलं ज्या एका शहरात नोकरीला होती, तिथे इथून रोज थेट विमान होतं, नऊ हजार तीनशे चाळीस किलोमीटर, अकरा तास चाळीस मिनिटं. ते मावशी बोलायच्या नाहीत आणि सासूबाई विचारायच्या नाहीत. दुकानात या रस्त्याला एक खासगी नाव होतं, सासूवळसा.

हे नाव ठेवलं होतं काउंटरवर काम करणाऱ्या मुलीने. मामाकडे वाढलेली, बोलायला कमी आणि हाताला चलाख. मावशींच्या हाताखाली चार वर्षं राहिली. मावशी लोकांना बोलण्यात गुंतवायच्या आणि जाण्याची तिकिटं काढायच्या. बाकीचं किरकोळ, म्हणजे फोन घेणं, तारखा बदलणं, रडणाऱ्यांना पाणी देणं, ते सगळं तिच्याकडे. सुट्टीवर आलेला मावशींचा मुलगा दुकानात आईला डबा द्यायला म्हणून यायला लागला, आणि पुढे पुढे तर आईने डबा नेलेला असतानासुद्धा यायला लागला, तेव्हा मावशींनी ओळखायचं ते ओळखलं. लग्न झालं. सून नवऱ्यामागून अकरा तास चाळीस मिनिटांवर राहायला गेली. नातं बदललं तरी तिच्या तोंडात 'मावशी'च राहिलं, आणि मावशींनाही ते खटकलं नाही.

मागच्या वर्षी मावशी थेट विमानाने दोघांकडे जाऊन आल्या. पाच दिवस राहिल्या आणि सहाव्या दिवशी सकाळी दहाला शटर वर केलं. त्याचा त्यांना केवढा अभिमान! "पाहुणा गोड कधीपर्यंत, तर त्याची बॅग दारात दिसते तोपर्यंत," असं त्या चष्मेवाल्याला ऐकवायच्या. चष्मेवाला भिंगं पुसत मान हलवायचा.

तर यंदा नात झाली. मावशींनी विणलेले मोजे बॅगेत टाकले, थेट विमानाची जागासुद्धा मनातल्या मनात ठरवली, डाव्या हाताची, पंखाच्या पुढची. आणि गुरुवारी दुपारी सुनेचा निरोप आला.

"मावशी, तिकीट मीच काढलंय, मंगळवारचं. तुम्ही काही करायचं नाही. परतीचं इथून बघू."

खाली तिकीट होतं. मावशींनी चष्मा लावला. पहिलं उड्डाण खालच्या दिशेला, पाच तास वीस मिनिटं. मग साडेनऊ तास थांबा. मग आडवं उड्डाण, आठ तास दहा मिनिटं. मग चार तास चाळीस मिनिटं थांबा. मग वर, साडेसहा तास. बेरीज करायची गरजच नव्हती. एकतीस वर्षांत त्यांनी हा रस्ता इतक्या जणींना लावला होता की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता.

सासूवळसा! त्यांच्याच काउंटरवर शिकलेल्या पोरीने तो त्यांनाच लावला होता. गुरूची विद्या गुरूलाच फळली.

मावशींच्या अंगाचा आधी तिळपापड झाला. मग रागाला जरा उतार पडला आणि खाली जे दिसलं ते रागापेक्षा वाईट होतं. आपण नकोय तिला? पाच दिवस तर राहिलो होतो. डब्यांना हात लावला नव्हता, पडद्यांबद्दल एक शब्द काढला नव्हता. एकदाच फक्त म्हटलं होतं की चहा जरा उकळू द्यावा. चहाचं एवढं लागतं का कोणाला? आणि परतीचं इथून बघू म्हणजे काय? म्हणजे मला कधी घालवायचं ते ती ठरवणार!

तिकीट बदलायचं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण बदललं की सुनेला कळणार, की सासूला कळलं. न जावं, तर नातीचं तोंड बघायचं राहणार आणि वर बाजार विचारणार, का नाही गेलात. मावशींनी दोन दिवस दाढदुखीसारखा तो विचार चघळला आणि शनिवारी ठरवलं, की जायचं, त्याच रस्त्याने जायचं आणि चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलू द्यायची नाही. एकदा तिच्यासमोर उभं राहायचं, मग आपण हव्या आहोत की नको आहोत ते तिच्या डोळ्यांत आपोआप दिसेल.

यात एकच अडचण होती. वळशाची तिन्ही विमानं फक्त मंगळवारीच एकमेकांना जुळायची, आणि येत्या मंगळवारी त्याच विमानात चष्मेवाल्याची आई होती. वय चौऱ्याहत्तर, धाकट्या मुलाकडे निघालेली. तिला तीन आठवड्यांपूर्वी नकाशासमोर उभं करून छडीने वळसा कोणी समजावला होता, हे सांगायला नको.

चोराच्या मनात चांदणं! पहिल्या विमानात मावशी सगळ्यांत शेवटी चढल्या आणि पाच तास वीस मिनिटं डोक्यावरून शाल घेऊन बसल्या. उतरल्यावर साडेनऊ तास काढायचे होते. त्या विमानतळावर बसायला खुर्च्या होत्या, पण त्यांना मुद्दाम मधोमध लोखंडी दांडे बसवलेले, कोणी चुकून आडवं होऊ नये म्हणून. नकाशावर छडी टेकवून 'तिथे जरा थांबायचं' म्हणताना हे दांडे मावशींना कधी दिसले नव्हते. दोन तासांत कंबर बोलायला लागली, तिसऱ्या तासाला पाय सुजले. इथे आपण किती जणींना बसवलं असेल, याचा त्या हिशेब करायला लागल्या आणि शंभराच्या पुढे गेल्यावर त्यांनी तो घाईघाईने सोडून दिला. चहा घ्यायला म्हणून त्या खांबाआडून बाहेर आल्या आणि आवाज आला.

"अगं तिकीटमावशी! मला वाटलं, तू फक्त लोकांनाच इथे पाठवतेस."

चष्मेवाल्याची आई दोन खुर्च्यांवर प्रशस्त बसली होती. मधल्या दांड्यावर तिने उशी ठेवून त्याचा हात टेकायला छान उपयोग केला होता. पाय बॅगेवर, मांडीवर बिस्किटांचा डबा.

"काकू, तुम्ही!" मावशींनी शक्य तेवढा आश्चर्याचा चेहरा केला.

"नाटक नको करूस, बस. विमानात तुझी शाल ओळखली मी. बिस्कीट घे." काकूंनी डबा पुढे केला. "तुला कोणी पाठवलं या रस्त्याने?"

मावशींना खोटं बोलायचं होतं, पण कंबर इतकी दुखत होती की खरंच बाहेर पडलं. "सुनेने."

काकू इतक्या हसल्या की बिस्किटाचा घास घशात अडकला आणि मावशींना त्यांच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. "म्हणजे तुला तुझंच औषध!" त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"काकू, तुम्हाला..." मावशींनी बिस्कीट उचललं. "तुम्हाला माहीत होतं? थेट विमान आहे ते?"

"अगं, माझा नातू पहिल्याच वर्षी मोबाइलवर दाखवून गेला. निळी रेघ सरळ जाते. अकरा तास चाळीस."

"मग बोलला का नाहीत? माझं शटर खाली ओढलं असतं लोकांनी."

"मी कशाला बोलू? वेडी आहे का मी?" काकू जवळ सरकल्या. "हे बघ. पहिल्यांदा मी थेट गेले होते, तुझ्याकडून नाही, दुसरीकडून तिकीट काढून. झोप काढून उतरले, तोंडावर पावडर, हसत दारात उभी. सुनेने पंधरा दिवस केलं आणि सोळाव्या दिवशी बॅग भरून दिली. का नाही देणार? माणूस ताजंतवानं, विमान रोजचं, येईल परत. पुढच्या वर्षी तू मला या रस्त्याला लावलंस. चौतीस तास! दारात पोचले तेव्हा दोन माणसांनी धरून आत नेलं. मग कोणाची छाती आहे मला परत जा म्हणायची? एवढ्या लांबून आलेल्या बाईला? अडीच महिने राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी चार. यंदा सहा बघतेय. तुझे उपकार आहेत गं."

मावशींच्या हातातलं बिस्कीट हातातच राहिलं. एकतीस वर्षं त्यांनी सुनांची सोय केली असं त्यांना वाटत होतं. ज्या सुनांनी दबक्या आवाजात फोन केले, गोड बोलल्या, त्यांच्याकडे मावशींनी सासवा नुसत्या पाठवल्या नव्हत्या तर रुजवल्या होत्या. आणि एकीनेही कधी तक्रार केली नाही, कारण करणार कोणत्या तोंडाने? मावशींना लाज वाटायला हवी होती. पण आधी हसू आलं, मग ते आवरेना, आणि दोघी बायका त्या लोखंडी दांड्यांच्या खुर्च्यांवर इतक्या हसल्या की समोरचा माणूस उठून लांब जाऊन बसला.

हसू ओसरलं तसा मावशींच्या डोक्यात एक दुष्ट विचार आला. सुनेला आपण नको आहोत ना? ठीक. मग तिच्याच वळशाने तिच्याच घरी तीन महिने ठाण मांडायचं. नाकावर टिच्चून.

"उतरल्यावर चाकांची खुर्ची मागायची," काकूंनी पुढच्या विमानात धडे दिले. "मान डावीकडे टाकायची. कण्हायचं, पण बारीक, नाहीतर डॉक्टर बोलावतात. आणि लगेच बोलायचं नाही. तिसऱ्यांदा विचारलं की मग हळूच म्हणायचं, आता काही महिने हलायचं नाव नको."

"हसू आलं तर?"

"गुडघ्याचा विचार करायचा. मला तर तो आपोआप येतो."

चौतीस तास दहा मिनिटांनी, भर दुपारी, त्या दूरच्या विमानतळाच्या दारातून चाकांच्या दोन खुर्च्या एकामागून एक बाहेर आल्या. पुढे मावशी, मागे काकू. मावशींची मान डावीकडे टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले, कण्हणं बारीक आणि अगदी सुरात. मनात वाक्य तयार होतं: एवढ्या लांबून आलेय, तीन महिने हलायची नाही. ते कसं म्हणायचं, कुठल्या शब्दावर थांबायचं, सगळं ठरलेलं. अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी त्यांनी गर्दीत सून शोधली.

सून कठड्याला टेकून उभी होती. अंगावर नवऱ्याचं जाकीट, तेही उलटं घातलेलं. एका पायात चप्पल, एका पायात बूट. केसांना चार दिवस कंगवा लागला नसावा. छातीशी गुंडाळी धरलेली, तीन आठवड्यांची, आणि गुंडाळी तारस्वरात रडत होती. सून तिला डोलवत होती आणि डोलता डोलता उभ्या उभ्या तिचे डोळे मिटत होते.

मावशी खुर्चीतून उठल्या. उठल्या म्हणजे टुणकन उडीच मारली, आणि कठड्याच्या खालून वाकून थेट पलीकडे. खुर्ची ढकलणारा मोकळी खुर्ची धरून बघतच राहिला. मागून काकूंनी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं, एवढी शिकवणी पाण्यात गेली म्हणून.

"दे इकडे," मावशी म्हणाल्या आणि गुंडाळी खांद्यावर घेतली. पाठीवर दोन थापा, एक ढेकर, आणि रडं थांबलं. मग त्यांना आपलं वाक्य आठवलं. आता ते शोभत नव्हतं, पण चौतीस तास सांभाळून आणलेलं वाक्य टाकून कसं द्यायचं? त्यांनी नाक वर केलं.

"एवढ्या लांबून आलेय. तीन महिने हलायची नाही, सांगून ठेवते."

सून भर गर्दीत रडायला लागली. 

"तीनच?" ती म्हणाली.

मावशींना काही उमगेना. "तीनच म्हणजे? अगं, नको होते ना मी तुला? म्हणून तर वळसा लावलास!"

"नको कशाला असाल?" सून जाकिटाच्या बाहीने नाक पुसत म्हणाली. "मावशी, तुम्ही लोकांना पाठवत होतात. पण परतीच्या तारखा बदलायचं काम माझ्याकडे होतं. थेट गेलेलं माणूस ठरल्या दिवशी परत यायचं. वळशाने गेलेल्या बायकांची परतीची तारीख मी प्रत्येक वेळी पुढे ढकललीय, दोन दोनदा, तीन तीनदा. म्हटलं, तुम्हीही त्याच रस्त्याने आलात तर थांबाल."

"आणि मला सांगितलं नाहीस कधी! दुकानात चार वर्षं!"

"तुम्ही परतीचं कधी विचारलंच नाही."

"बरं, ते जाऊ दे. पण मला राहा म्हणायला हा एवढा खटाटोप? सरळ सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं," सून म्हणाली. "मागच्या वर्षी, तुम्ही बॅग भरत होतात तेव्हा. अजून आठ दिवस राहा म्हटलं. तुम्ही म्हणालात, काउंटर कोण बघेल?"

मावशींना ते आठवलं. म्हटलं होतं. बॅगेची चेन ओढताना, मान वर न करता म्हटलं होतं, आणि त्यावर सून काय म्हणाली ते ऐकायलाही त्या थांबल्या नव्हत्या. त्यांना लाज वाटली, आणि ती सासवांना फसवल्याची नव्हती, या पोरीचं न ऐकल्याची होती. नवीन गावात, नवऱ्याच्या कामाच्या वेळा सांभाळत, ज्या एका बाईला ती मावशी म्हणायची तिला थांबवण्यासाठी हिला त्याच बाईच्या लबाडीचा आधार घ्यावा लागला.

"चुकलंच माझं," मावशी म्हणाल्या. एवढ्या वर्षांत हे दोन शब्द बाजाराने त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

बाहेर मुलगा गाडी घेऊन उभा होता. त्याचेही डोळे लाल, हनुवटीवर दाढीचे खुंट. आईला बघून तो एवढंच म्हणाला, "आलीस ते बरं झालं." बॅग मागे गेली, बाळ मागच्या सीटवरच्या त्याच्या छोट्या खुर्चीत गेलं, मावशी त्याच्या शेजारी बसल्या आणि सून पुढे. वाटेत दोघं काय काय सांगत होती. बाळ रात्रभर जागं असतं, दिवसा झोपतं, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. मग एकटा मुलगाच बोलत होता, कारण सुनेची मान खिडकीकडे कलली होती आणि तोंड उघडं पडलं होतं. एवढी गाढ झोप मावशींनी बऱ्याच दिवसांत कोणाची पाहिली नव्हती. मागे बाळही झोपलेलं होतं.

चाळीसेक मिनिटांनी मुलाने एका वळणावर वेग कमी केला. "आलं बघ घर."

"थांबवू नकोस," मावशी हळूच म्हणाल्या. "गाडी थांबली की दोघी उठतील. पुढे घे."

"पुढे कुठे, आई?"

"कुठेही. फिरव नुसती."

मुलाने घर मागे टाकलं. थोडं पुढे गेल्यावर त्याने आरशातून आईकडे बघितलं. चौतीस तासांनी तिचे पाय सुजून बुटात मावत नव्हते, हे त्याने तिला गाडीत बसवतानाच पाहिलं होतं.

"किती वेळ फिरवू?"

"मला नाही माहीत," तिकीटमावशी म्हणाल्या. "ती उठेपर्यंत."